नव्या हार्ड डिस्कची वाटणी

पार्टिशन हा शब्द आम्हा मुसलमानांना जरा जपूनच उच्चारावा लागतो. पण आमच्या घरात त्याचा पहिला अर्थ प्लायवूड असा होता. एकुलत्या एका खोलीत अब्बांनी मधोमध प्लायवूड ठोकलं. अलीकडे बैठक, पलीकडे अम्मीचं स्वयंपाकघर. खोल्या दोन झाल्या, छप्पर मात्र एकच राहिलं. पावसाळ्यात ते दोन्हीकडे सारखंच गळायचं.

नव्या हार्ड डिस्कचे भाग पाडताना ही गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

माझी जुनी डिस्क ५०० जीबीची. संगणक जोडून देणाऱ्याने तिचे सी, डी, ई, एफ असे चार भाग करून दिले होते. सी कायम भरलेली, एफ अर्धी रिकामी. अलीकडे डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तेव्हा आतलं सगळं बाहेर काढून घेतलं आणि १ टीबीची नवी आणली. विंडोज ती ९३१ जीबी दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

या वेळी मी चार भाग करणार नाही, दोनच करणार आहे. सी २५० जीबीची, त्यात विंडोज आणि सॉफ्टवेअर. डी ४५० जीबीची, त्यात आमचं सगळं. उरलेली जागा सध्या मोकळी, डीच्या उजवीकडे. सी पहिल्यापासून ऐसपैस ठेवायची, कारण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एखादा भाग वाढवायचा तर त्याला लागून उजवीकडे रिकामी जागा असावी लागते. सीच्या उजवीकडे डी बसली की सीला हातपाय पसरता येत नाहीत. डीला मात्र पुढे वाढता येईल.

सी आणि डी वेगळ्या ठेवण्याचा फायदा असा, की विंडोज बिघडलं तर फक्त सी पुसून नव्याने टाकता येते, डीला धक्का लागत नाही. पण ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर मुळात सीवरच असतात. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ नावाचा टॅब असतो, तिथून ते डीवर हलवून घ्यावेत.

आमच्यासारख्या घरांत आणखी एक अडचण असते. माझं जुनं मराठी लेखन युनिकोडच्या आधीचं, श्रीलिपीत टाइप केलेलं. अब्बांचं उर्दू इनपेजमध्ये. लेख डीवर सुखरूप असतील, पण श्रीलिपीचा फाँट राहतो सीवर. सी पुसली की लेख उघडतो आणि ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. इनपेजची फाइल तर इनपेजशिवाय नीट उघडतच नाही. म्हणून डीवर पहिला फोल्डर केला तो फाँट आणि सेटअपचा. दुसरं काम, जुने लेख एकेक करून युनिकोडमध्ये आणणं आणि अब्बांच्या लेखांची पीडीएफ करून ठेवणं. अब्बा आता नाहीत. त्यांचं अक्षर वाचता यावं, ही जबाबदारी माझ्यावर आहे.

नंतरचा फोल्डर कागदपत्रांचा. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा आमच्या घरातल्या पेट्या उघडल्या गेल्या. दादांचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुनं रेशनकार्ड, सगळं स्कॅन केलं. एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शेक’. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं, ते त्याने लिहिलं. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे खरं. पण कागद वाळवीने खाल्ला, तर काय होतं ते दाखवायला निदान तेवढं तरी हाती असतं.

नवी डिस्क आली हे कळल्यावर अम्मीने एकच प्रश्न विचारला, ‘‘मेरे फोटो तो नहीं ना जाते?’’

याचं उत्तर पार्टिशनमध्ये नाही. अनेकजण डीवरच्या फोटोंची एक प्रत ईवर टाकतात आणि निर्धास्त होतात. पण डी काय आणि ई काय, छप्पर एकच. डिस्क गेली की दोन्ही बाजू एकदमच भिजतात. पार्टिशनने घर नीटनेटकं राहतं, एवढंच त्याचं काम. जपणुकीसाठी दुसरं घर लागतं.

म्हणून डीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवतो. जोडलेलीच ठेवली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोघींनाही गाठू शकतो. दुसरी प्रत सोलापूरला आपाकडे. ईदला जाताना नवी डिस्क न्यायची, जुनी परत आणायची, असं आमचं ठरलं आहे. आपा म्हणाली, आणतोसच आहेस तर अब्बांचे उर्दू लेख मला वाचता येतील असे आण. तेव्हा या ईदच्या आधी पीडीएफचं काम संपवायचं आहे.