पोटात घातलेली थरथर

मारुती ८०० ही गाडी २०१४ साली बनायची थांबली. आमची मात्र अजून धावते. परवा ती उभ्या जागी थरथरू लागली. वेग आला की शांत, फाटकापाशी थांबली की आरशातला रस्तादेखील पुसट दिसे. मी निदान करून टाकले : इंजिन संपले!

मिस्त्री हसला. चालू इंजिनाच्या तिन्ही प्लगांच्या वायरी त्याने पक्कडीने एकेक करून काढून पाहिल्या. दर वेळी इंजिन अडखळले.

"वायर काढूनही फरक पडला नसता, तर तो सिलिंडर कामचुकार. इथं तिघंही राबताहेत, गुरुजी."

मग इंजिनाखाली फळी ठेवून त्याने ते जॅकने किंचित उचलले. थरथर ओसरली. इंजिन आणि सांगाडा यांच्यामधले माउंटिंगचे रबर चिरले होते.

"तीन सिलिंडरचं इंजिन पहिल्यापासून हलतंच. हे रबर ते पोटात घालत होतं. ते दमलं, म्हणून तुम्हाला कळलं."

नवे रबर बसले. गाडी शांत झाली. माझे मन होईना. आई गेल्यापासून आम्हां दोघां भावांत खटके उडत होते. धाकटा बदलला, असे मी समजत होतो. पण आम्ही पूर्वीही असेच होतो की! मधले कोणीतरी सारे सोसत होते, एवढेच.

तसले रबर बाजारात मिळत नाही. परतताना मी गाडी धाकट्याच्या घराकडे वळवली.