धामणकर नाका ते शारजा : हिशोब दोन मुलखांचा

ठाण्याकडून भिवंडीत येताना अंजूरफाटा मागे पडला की धामणकर नाका येतो. एका अंगाला पद्मानगर, दुसऱ्या अंगाला कामतघर, जवळच वऱ्हाळा तलाव. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे शेवटचे स्थानक म्हणून नाक्याचे नाव आता सरकारी नकाशावरही चढले आहे. पण नाक्याची खरी ओळख डोळ्यांनी नव्हे, कानांनी पटते. कोणत्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांची खटखट सुरूच. नवा पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही, आणि आम्ही नाक्याचे लोक गावी गेलो की शांततेने जागे राहतो!

हा नाका परमुलखातून आलेल्यांनीच भरला आहे. पद्मानगरात तेलुगू पाट्या दिसतात, मागावर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, आणि आमच्यासारखे पोटासाठी गाव सोडलेले अनेक. याच नाक्यावरून माणसे पुढच्या परमुलखातही जातात. पैसे पाठवण्याच्या एका दुकानात आम्ही परवा पाहिले. मागावरचा कामगार आझमगडला पैसे लावत होता आणि शेजारी एक बाई आखातातून आलेले पैसे मोजून घेत होती. एकाच काउंटरवर पैसा येत होता आणि जात होता. दोघांपैकी एकालाही पेन्शन नाही, हे मात्र काउंटरवर दिसत नाही.

आम्ही एका खाजगी कचेरीत कारकुनी करतो. बी.कॉम.ची पदवी पगारवाढीला फारशी कामाला आली नाही, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म भरायला आली. रविवारी आमच्या खोलीत चार माणसे हमखास असतात. त्यातूनच एका मित्राचा हिशोब आमच्यापुढे आला. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, तो इथे मांडतो.

मित्र २००० साली शारजाला गेला. पाइप फिटर. वय तेहतीस, मुलगा दोन वर्षांचा. बावीस वर्षांत आठ-नऊ वेळा घरी आला. आला की अत्तर, खजूर आणि कांबळे. आम्ही सगळे त्याला शेठ म्हणायचो. तोही हसून मान्य करायचा, कारण खोलीत दहा माणसांत कॉटवर झोपतो हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

पैसे कुठे पाठवायचे? पहिली सहा वर्षे थोरल्या भावाच्या खात्यात, कारण "घरात एकच खाते बरे". कधी घाई असली तर हवाल्याने. तिकडे दिरहम द्यायचे, इकडे संध्याकाळी दारात रोकड. सोयीचे वाटते, पण ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय मागे कागद उरत नाही. पुढे घर घेताना 'हे पैसे आणले कुठून' असे विचारले, तर घामाचा पैसाही चोरीच्या पैशासारखा दिसतो. भावाने काही खाल्ले असे आम्ही म्हणत नाही. बहिणीचे लग्न, गावचे छप्पर, आईचे आजारपण यांत ते गेले. पण मित्राच्या नावावर त्यातला एक रुपयाही दिसत नाही, हे खरे.

मग वहिनींनी हट्ट धरला म्हणून त्याने स्वतःचे एनआरई खाते काढले. पुष्कळांना यातला फरक माहीत नसतो, म्हणून थोडे सांगतो. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचे. भाडे, शेतीचे उत्पन्न असे इथले पैसे त्यात जमा होतात आणि त्यावरच्या व्याजावर कर कापला जातो. परदेशातली कमाई एनआरई खात्यात ठेवावी. तिच्या व्याजावर अनिवासी असेपर्यंत इथे आयकर नाही आणि ती रक्कम पुन्हा बाहेर नेता येते. पत्नीला व्यवहाराचे अधिकारपत्र देता येते. वारसाचे नाव तर लावायलाच हवे. कायमचे परत आलात की बँकेला पुन्हा कळवायचे. गावाकडे शेतजमीन घेण्याचा बेत असेल तर थांबा, अनिवासीला ती विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते.

दिरहमचा भाव चढला की नाक्यावरची आखाती घरे खूश होतात. आम्हांला ते पटत नाही. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली निघाला. रुपयाची किंमत परदेशी चलनात काय, यापेक्षा देशात त्याने काय विकत घेता येते ते स्थिर राहणे महत्त्वाचे, असा त्यातला विचार आहे. वहिनींच्या वहीत तो आम्हांला आकड्यांनी दिसला. पाठवलेले रुपये वाढत गेले आणि डाळीचा, शाळेचा, औषधाचा आकडा त्यांच्या पुढे पळत गेला. गंमत अशी की एकेकाळी आखातात आपल्या रिझर्व्ह बँकेचाच रुपया चालत असे. १९५९ साली त्यासाठी वेगळ्या नोटा निघाल्या, १९६६च्या अवमूल्यनानंतर तो व्यवहार संपला.

कागदाचे महत्त्व आम्हांला शिकवले ते कुवेतहून परतलेल्या एका चाचांनी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढे एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून अधिक भारतीय आणले, त्यांत चाचा होते. हातात एक पिशवी. पिशवीत कपडे कमी, कागद जास्त. लोक तेव्हा हसले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भरपाई दिली, तेव्हा तिथून निघाल्याचा पुरावा मागितला गेला आणि चाचांची पिशवी उघडली. त्यांचे वाक्य असे : "बेटा, दिनार डूब गये थे, कागज तैर गये."

आता मित्राच्या घराची गोष्ट. सगळी शिल्लक घालून त्याने नाक्यापासून थोड्या अंतरावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. स्टॅम्पपेपरवर लिहून, नोंदणी न करता. बांधकामाची परवानगी कोणी विचारली नाही. आम्हीही विचारली नाही, हे कबूल करतो. पेढे मात्र खाल्ले.

२१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. झोपेतली सुमारे चाळीस माणसे गेली. 'धामणकर नाक्याजवळ इमारत पडली' एवढेच शारजात पोचले. मित्र घरी फोन लावत होता, लागत नव्हता. शेवटी आम्हांला लावला. "दादा, आमची कोणती?" एवढेच बोलला. आम्ही पळत गेलो. वहिनी, मुलगा, म्हातारी आई रस्त्यावर उभी होती, त्यांची इमारत उभी होती. आम्ही फोन वहिनींच्या हातात दिला. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. करोनाचे दिवस, कंपनी रजा देईना. तो येऊ शकला नाही.

त्यानंतर शहरातल्या धोकादायक इमारतींना नोटिसा गेल्या, त्यांत त्यांचीही होती. बावीस वर्षांच्या कमाईचे घर, आणि दारावर 'रिकामे करा'. नोंदणी नाही, म्हणून कर्ज नाही, विक्री नाही, भांडायला कागद नाही. आज कुटुंब भाड्याने राहते.

२०२२ साली कंपनीने काम संपल्याचे सांगून मित्राला परत पाठवले. वय पंचावन्न. आखातातल्या कामगाराच्या निवृत्तीचे वय कंपनीच ठरवते. हाती आली ती ग्रॅच्युइटी. तिथल्या कायद्याने पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा पगार मिळतो, पण मूळ पगारावर, भत्ते सोडून. मित्राला महिना १,८०० दिरहम मिळत, त्यांत मूळ पगार फक्त ९००. म्हणजे दिवसाचे ३०. पाच वर्षांचे १०५ दिवस, सतरा वर्षांचे ५१० दिवस, एकूण ६१५. गुणाकार १८,४५० दिरहम. तेव्हाच्या दराने सुमारे पावणेचार लाख रुपये. आम्ही तीनदा गुणाकार केला. तो म्हणाला, "दादा, बरोबर आहे, नका दमू."

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१२ साली अशा कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली, तीत पेन्शनसाठी सरकारही भर घालणार होते. प्रतिसादाअभावी ती २०१७ साली बंद झाली. आमच्या नाक्यावर ती कोणी सांगितलीच नाही, मग प्रतिसाद कुठून येणार? परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला नॅशनल पेन्शन सिस्टिमचे खाते आजही काढता येते. वर्षाला थोडे थोडे घातले तरी साठीनंतर काहीतरी हाती पडते. मित्राला हे पंचावन्नाव्या वर्षी कळले, तेही आमच्याकडून, आणि आम्हांलाही उशिराच.

मग घर चालले कशावर? वहिनींच्या बचत गटावर आणि पोस्टातल्या आवर्त ठेवीवर. घरी बसून कपड्यांचे धागे कापायचे, त्या पैशाला त्यांनी नवऱ्याच्या पैशात कधी मिसळू दिले नाही. २००० सालापासूनची प्रत्येक आलेली रक्कम त्यांच्या वहीत तारखेनिशी आहे. आम्ही पदवीधर कारकून, पण अशी वही आमच्या घरात नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाला दोहाच्या एका कंपनीचे पत्र आले. एसी मेकॅनिक. मित्र गप्प बसला, नको म्हणेना, हो म्हणेना. वहिनींनी पत्र आमच्यापुढे ठेवले. "दादा, आधी यात मूळ पगार किती लिहिलाय ते वाचा." आम्ही वाचला. निम्म्याहून कमी होता. मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यांना असाच देतात." वहिनी म्हणाल्या, "विचार तरी त्यांना. आणि जाशील तर महिन्याच्या आत बँकेला कळवायचं, पैसे तुझ्याच खात्यात."

संध्याकाळी आम्ही नाक्यावर चहा घेत होतो. वहिनी स्टेशनरीच्या दुकानातून बाहेर आल्या, हातात दोनशे पानी नवी वही. पहिल्या पानावर मुलाचे नाव घातले होते आणि खाली एकच ओळ : तिकिटासाठी गटाकडून घेतलेले.