माळवदाचं वजन

घर नवं करायचं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? टाईल्स, पीओपी, रंगाचं शेडकार्ड! पण सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला आमच्या दोन खोल्यांच्या जुन्या घराचं काम निघालं, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो वजनाचा.

घर पणजोबांच्या वेळचं. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवद. मित्रांनो, ज्यांनी माळवद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात एसी झक मारतो! मात्र पावसाळ्याआधी दरवर्षी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची. अशी भर पडत पडत आमचा थर दीड फुटांवर गेला होता.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी आमच्या हिंगोली जिल्ह्यात दहा-बारा मिनिटांत ४.५ आणि ३.६ रिश्टरचे दोन धक्के बसले. पुन्हा १० जुलैला ४.५. घरून फोन आला, "फळ्यांमधून माती गळाली, आजी अंगणात झोपायलीय."

आमच्या भागात भूकंप म्हटलं की किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. जवळपास ८ हजार माणसं गेली. धक्का ६.२ चा होता, पण माणसं दबली ती दगड-मातीच्या भिंती आणि जड छतांखाली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत सुरक्षित, म्हणजे झोन १ मध्ये होता! २००२ मध्ये कोड बदलला तेव्हा तो झोन ३ मध्ये आला.

गवंडी म्हणाले, माळवद काढा, स्लॅब टाका. बाबा तयार. काका म्हणाले, पत्रे टाका, स्वस्तात काम. आजी म्हणाली, "पत्र्याखाली भाजायला मी काय भुईमुगाची शेंग हाय का रे?"

मग सबमिशनच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. खोली १० बाय १२, म्हणजे ११ चौरस मीटर. दीड फूट मातीचं वजन साधारण ८ टन. पाच इंची स्लॅब साडेतीन टन. म्हणजे स्लॅब हलका! पण आमचं माळवद खांबांवर उभं आहे आणि स्लॅब टेकणार होता मातीत रचलेल्या भिंतींवर. किल्लारीकडेही जिथे छत लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती ढासळूनही काही घरांचे सांगाडे उभे राहिले होते. मग माती सहा इंच ठेवली तर? पावणेतीन टन! म्हणजे स्लॅबपेक्षाही कमी. आमच्या सरांनी आकडे तपासले आणि सांगितलं, "आधी खांब आणि तुळया बघा, मग भिंती बांधा."

२०२५ च्या उन्हाळ्यात काम केलं. एक खांब वाळवीने पोखरला होता, तो बदलला. तुळया खांबांना लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या. माती उतरवली, आठ दिवस ट्रॅक्टर भरत होतो! फळ्यांवर जाड प्लॅस्टिक आणि त्यावर चाळलेली सहा इंच माती. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दगडांमध्ये नुसती भर असते, म्हणून धक्क्यात त्या फुगून फुटतात. तिथे ठिकठिकाणी आरपार भोकं पाडून सळई घातली आणि काँक्रीट भरलं. कोपऱ्यांवर जाळी आणि सिमेंटचा गिलावा.

खर्च स्लॅबच्या एस्टिमेटच्या निम्म्यात बसला. उरलेल्या पैशात खिडकी मोठी केली, ओटा उंच केला आणि झरोक्याला काच बसवली. बाबांचा अजून थोडा रुसवा आहे, कारण शेजाऱ्यांचा स्लॅब रस्त्यावरून दिसतो आणि आमच्या सळया कोणालाच दिसत नाहीत. आजी मात्र पुन्हा घरात झोपते.

तेव्हा मित्रांनो, दिवाळीला गावी गेलात आणि घरावर माळवद असलं, तर एक टेप घेऊन वर चढा. कडेला माती किती आहे ते मोजा आणि लांबी-रुंदीशी गुणा. मेसच्या बिलापेक्षा हा हिशोब नक्कीच सोपा आहे!

– तृतीय वर्ष, स्थापत्य