मंगळसूत्राखालची गाठ

साताऱ्याहून सांगलीला माहेरी गेले होते. वेणी घालत बसले, तर आई म्हणाली, "मान वर कर बघू. हे काय गं गळ्याशी?" सुपारीएवढी गाठ. आवंढा गिळला की वर-खाली होई. महिनाभर मला ठाऊक होती. पण यांना बोलले नव्हते. बोललं की खरी होईल, असं वाटायचं!

वर्षभर अंग जड, केस गळत, वजन नऊ किलोंनी वाढलेलं. "दुपारची झोप कमी कर," हा घरीदारी मिळणारा सल्ला मलाही पटला होता.

रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शरीराचे रखवालदारच थायरॉईड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली हा आजार मांडला. ग्रंथी थकली की मेंदूखालची पिट्युटरी टीएसएच वाढवून तिला हाकत राहते. त्या रेट्याने ती फुगते, गाठी धरते. लठ्ठपणा आणि इन्शुलिनला दाद न देणारं शरीर, यांचाही गाठींशी संबंध आढळतो.

"कॅन्सर तर नाही ना?"

"बहुतेक गाठी साध्याच असतात. पण सुई घालून तपासल्याशिवाय शब्द देणार नाही."

निकालाला चार दिवस लागले. तेवढे दिवस आईने मला भाकरीसुद्धा थापू दिली नाही. शेवटी मीच चिडले. गाठ साधी निघाली.

आता पहाटे उपाशीपोटी गोळी, चहा अर्ध्या तासाने. तो अर्धा तास जाता जात नाही! सासूबाईही माझ्यासाठी थांबतात. गाठ आहे तिथेच आहे; वर्षाने पुन्हा सोनोग्राफी.