रूपविकारी तारे

विद्यार्थ्यांचे खरोखर अवघड प्रश्न सूत्रांविषयीं नसतात, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. एकानें आम्हांस विचारलें कीं, लडाखांत हानले येथें २०१८ पासून आपोआप चालणारी दुर्बीण आकाश धुंडाळीत असतां, सोलापुरांत गच्चीवर उभें राहून नुसत्या डोळ्यांनीं ताऱ्यांचें तेज ठरविण्यांत काय हंशील? प्रश्न रास्त होता, आणि त्याला उडवून लावणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

आमचा जिल्हा या विद्येला परका नाहीं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें दूरदूरच्या ज्योतिर्विदांनीं तळ दिला होता. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँबेल आले होते. पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगींतून पुण्याच्या सायन्स कॉलेजांत जी वेधशाळा झाली, तिचे हे नायगमवाला प्रमुख. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बिणीच्या तोडीची दुसरी त्या काळीं हिंदुस्थानांत नव्हती. परंतु १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुढें 'आयुका'ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवली येथें उभी राहिली ती २००६ सालीं. मध्यें चौऱ्याण्णव वर्षें गेलीं! एका माणसाच्या पाठोपाठ अख्खी वेधशाळा जावी, हें आमच्याकडील विद्येचें जुनें दुखणें आहे.

उलट जेसोरचे राधागोविंद चंद्र पाहा. कोषागारांत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनीं जून १९१८ मध्यें गरुड राशींतील नवतारा स्वतंत्रपणें हेरला. रूपविकारी ताऱ्यांचे वेध गोळा करणाऱ्या अमेरिकन संघटनेनें पुढें त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास दिली, आणि त्यांनीं आयुष्यांत सुमारें ३७,००० वेध तिकडे धाडले. पदवी नाहीं, पगार नाहीं. रोजची नोकरी सांभाळून केलेलें हें काम.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. मोठ्या दुर्बिणी अंधुक ताऱ्यांसाठीं बांधलेल्या असतात. ठळक तारा समोर आला कीं त्यांच्या कॅमेऱ्याचे दीपबिंदु भरून वाहूं लागतात आणि मोजमाप व्यर्थ जातें. सूर्याकडे पाहणाऱ्या घुबडासारखी त्यांची गत होते. म्हणून २०१९ च्या अखेरीस मृगांतील काक्षी मंदावूं लागला तेव्हां साध्या डोळ्यांच्या वेधांना मोल आलें. आम्हीहि मुलांना घेऊन गच्चीवर गेलों. रीत सोपी आहे: एका बाजूस रोहिणी, दुसऱ्या बाजूस मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा तारा, आणि काक्षीचें तेज त्या दोहोंच्या दरम्यान कोठें बसतें तें ठरवावयाचें. एरवीं रोहिणीहून उजळ असणारा तो तारा फेब्रुवारी २०२० मध्यें त्या खांद्याच्या ताऱ्याच्या बरोबरीस उतरला. मुलें रोज भांडत. कोणी दशांशानें वर धरी, कोणी खालीं. काक्षीनें बाहेर टाकलेला वायु थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तिनें त्याचें तोंड झांकलें, असें मोठ्या दुर्बिणींनीं मागाहून दाखविलें. कारण त्यांनीं सांगितलें. तेजाच्या उताराची दररोजची नोंद मात्र बहुतांशीं गच्चीवरच्या मंडळींची होती.

उत्तर मुकुटांत असाच एक तारा आहे. तेथें एक श्वेत बटु आपल्या सोबत्याचा हायड्रोजन ओढून सांठवितो, आणि सांठा पुरेसा झाला कीं त्याचा भडका उडतो. अतिदीप्त नवताऱ्याप्रमाणें त्यांत ताऱ्याचा शेवट होत नाहीं. भडका ओसरतो आणि सांठवण पुनश्च सुरू होते. १८६६ आणि १९४६ या सालीं तो दहाव्या प्रतीवरून एकदम दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला होता, आणि २०२४ मध्यें जगभरचे वेधकर्ते त्याच्याकडे टक लावून बसले. प्रश्न विचारणारा आमचा विद्यार्थीहि त्यांत होता. त्याच्या वहींत त्या वर्षींच्या उन्हाळ्यांतील रात्रींमागून रात्री एकच शब्द लिहिलेला आहे: 'नाहीं'. असल्या नकाराचीहि किंमत असते, कारण पुढें भडका उडाल्यास तो कोणत्या रात्रीनंतरचा हें त्यावरूनच ठरतें. सोलापूरच्या दिव्यांनीं आमचें आकाश बरेंच खाल्लें आहे. परंतु दुसऱ्या प्रतीचा तारा त्यांतूनहि दिसतो.