आधी खर्ज

ऑक्टोबर सरत आला की मेरिलँडच्या ईस्टर्न शोअरवर आकाशात बोलाचाली सुरू होते. चेसापीक खाडीच्या पूर्वेचा हा सपाट, शेतीवाडीचा मुलूख. मका कापून झालेला असतो, शेतात नुसते खुंट उरतात. उन्हाळाभर क्विबेकच्या पार उत्तरेला, उंगावा द्वीपकल्पात पिलं वाढवून आलेले कॅनडा हंस त्या खुंटांत सांडलेले दाणे टिपायला उतरतात. लांब काळी मान, हनुवटीवरून गालांपर्यंत गेलेला पांढरा पट्टा. थवा दिसतो नंतर, ऐकू आधी येतो. इथे घर केलेल्या मराठी माणसाला त्या आवाजाची सवय व्हायला एक हिवाळा पुरतो. त्यातलं काही कळायला मात्र बराच काळ जातो, आणि मला ते थोडंफार कळू लागलं ते शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने हातात ठेवलेल्या एका नळीमुळे.

हंसाच्या आवाजात हंसांना बोलावणारी, वीतभरही नसलेली ही नळी म्हणजे शॉर्ट रीड गूज कॉल. उघडली तर आत फारसं काही नाही. बाहेरचं बॅरल, त्यात घट्ट बसणारा इन्सर्ट. इन्सर्टवर टोन बोर्ड नावाची, मध्ये पन्हळ असलेली आणि टोकाला किंचित खाली वळलेली पट्टी. तिच्यावर मायलर प्लास्टिकची पातळ रीड. आणि रीडला जागेवर दाबून धरणारी पाचर. हार्मोनियमची पितळी रीड आपल्या फटीतून मोकळी आत-बाहेर करते. ही तशी नाही, ही क्लॅरिनेटच्या रीडसारखी बोर्डावर आपटते. हळू हवा दिली की रीडचा लांब भाग थरथरतो आणि खालचा, घोगरा स्वर निघतो. दाब वाढला की रीड बोर्डावर दबते, थरथरणारा भाग आखूड होतो आणि स्वर एकदम वर उडी मारतो. मिसरूड फुटणारा मुलगा भर पंगतीत बोलायला तोंड उघडतो आणि आवाज मध्येच फाटतो, अगदी तस्सं. त्या पोराला जे टाळायचं असतं तेच इथे मुद्दाम साधायचं असतं. शिकारी त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. हंसाची हाक म्हणजे हा ब्रेकच.

साहजिकच नवशिक्याला पहिल्याच दिवशी हाक हवी असते. तो गाल फुगवतो, जीव खाऊन फुंकतो. नळीतून किंचाळी तरी निघते, नाहीतर काहीच निघत नाही. माझ्या गुरूने पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच, “फुंकू नकोस, वाफ सोड.” चष्मा पुसताना आपण काचेवर हाऽऽ करतो ना, ती हवा. उबदार, पोटातून येणारी, घसा उघडा ठेवून सोडलेली. केकवरची मेणबत्ती विझवणारी थंड फुंकर इथे कुचकामी.

दुसरी गोष्ट हाताची. अंगठा आणि तर्जनी यांच्या कड्यात नळीचं टोक धरायचं आणि उरलेली बोटं त्यापुढे ओंजळीसारखी मिटायची. हवा बाहेर पडताना या ओंजळीला अडते आणि मागे दाब देते. बोटं पार उघडी ठेवली तर खालचा स्वर धरतच नाही. फार मिटली तर आवाज घुसमटतो. करंगळी जराशी हलली तरी फरक पडतो. थंडीत ओठ बधिर होतात, थुंकी आत जाते, रीड बोर्डाला चिकटते आणि ऐन वेळी नळी मुकी होते. मग इन्सर्ट ओढून काढायचा, मांडीवर आपटायचा आणि रीडखालून डॉलरची नोट सरकवून ओल पुसून घ्यायची. नोटेचा कागद चिवट असतो, धागे सोडत नाही. म्हातारा त्यासाठी टोपीत एक जुनी नोट घडी करून ठेवतो. खर्चायला ती बाहेर निघालेली मी कधी पाहिली नाही.

आणि मग खर्ज. कितीतरी आठवडे फक्त खालचा स्वर: लांब, संथ, ‘वूऽऽ’. इथे त्याला ‘मोन’ म्हणतात. गाण्याच्या क्लासला पहाटे खर्ज भरायला लावतात तेव्हा जो कंटाळा येतो, तोच इथेही येतो. पण तो स्वर न थरथरता धरता आला की एक दिवस जीभ जराशी उचलली जाते, हवेला शेवटी ‘इट्’ असा झटका बसतो आणि ब्रेक आपोआप होतो. तोच आखडून झटपट केला की क्लक. दोन क्लक एकमेकांना चिकटवले की डबल क्लक, म्हणजे एकाच माणसाने दोन हंसांचा भास निर्माण करणं. हे सगळं मी गाडीत बसून, काचा वर करून घोटलं. घरात परवानगी नव्हती आणि ती मागण्याची माझी छातीही नव्हती.

हा प्रकार मुळात फसवणुकीचा आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पूर्वी इथले शिकारी पाळीव हंस पाण्याकाठी बांधून ठेवत; त्यांच्या ओरडण्याला भुलून रानटी थवे उतरत. 1935 साली सरकारने जिवंत आमिषावर बंदी घातली. मग लाकडी डिकॉय, म्हणजे नकली हंस, आणि माणसाचं तोंड यांच्यावरच भिस्त उरली. इलिनॉयमधल्या पीकिन गावच्या ओल्ट कंपनीचा ‘ए-50’ हा कॉल घराघरांत होता. हौशी शिकाऱ्यांनी त्याचीच रीड कापून, बोर्ड घासून आखूड रीडचा हा प्रकार घडवत नेला. आमच्या जवळच्या ईस्टन गावात 1971 पासून दर नोव्हेंबरात वॉटरफाउल फेस्टिव्हल भरतो आणि तिथेच हंसाच्या आवाजाची जागतिक स्पर्धा होते. स्पर्धकांचं कसब थक्क करणारं असतं. पण मला विचाराल तर मंचावर एकाच दमात सगळं ऐकवायची जी घाई असते, ती शेतात पक्षी उडवून लावील.

कारण शेतातलं गणित वेगळं. मी बंदूक धरत नाही. नुसता सोबत जाऊन बसतो. दूरचा थवा दिसला की म्हातारा मोठी हाक देतो, ती थोडीच. पक्षी वळले की आवाज उतरतो: क्लक, गुणगुण, चरणाऱ्या हंसांची समाधानी पुटपुट. थवा पाठ फिरवू लागला तर पुन्हा एक आर्जवी हाक. पंख कमानीसारखे वळवून, पाय खाली सोडून पक्षी उतरू लागले की तो नळी छातीवर सोडून देतो. बाकीचं काम हंसांवरच सोपवायचं, असं त्याचं म्हणणं. हे शिकवायला पुस्तक नाही. तासन् तास कान देऊन बसणं हाच अभ्यास, आणि अमुक आवाज म्हणजे ‘या, इथे दाणा आहे’ आणि तमुक म्हणजे ‘लांब राहा’ हे ज्याला कळत नाही त्याने कितीही महागाची ॲक्रिलिकची नळी घेतली तरी उपयोग शून्य.

त्याच म्हाताऱ्याने शिकारीविना गेलेले हंगामही पाहिले आहेत. अटलांटिक बाजूच्या स्थलांतरित कॅनडा हंसांच्या जोड्या इतक्या घटल्या की 1995 साली त्यांची शिकारच बंद झाली. जोड्या सावरल्यावर काही वर्षांनी ती मर्यादित प्रमाणात सुरू झाली. बंदीच्या काळातही इथले लोक नळ्या वाजवतच होते, नुसत्या पक्ष्यांना ऐकवायला.

अमेरिकेत हंसांच्या नेहमीच्या शिकारीत रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं बेकायदा आहे. बोलावायचं तर स्वतःच्या दमाने बोलवा, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच 1972 च्या वन्यजीव कायद्याने मिटवला आहे. पण हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस पाहायला जाल तेव्हा फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, आणि शेजारच्या नावेत कुणी वाजवत असेल तर त्यालाही थांबवा. पक्षी दमून आलेले असतात. नावाड्याला जरा लांबच नाव उभी करायला सांगा; आवाज तिथूनही नीट ऐकू येतो.