पाणंदीची जीप

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें मोटार घ्यावयाचीच झाली तर ती पांढरी, बंद टपाची आणि हप्त्यांनीं घेतलेली असावी, असा आमच्या व्यवसायांत एक अलिखित संकेत आहे. तो मोडून आम्हीं तीस वर्षांची जुनी, कापडी टपाची आणि दारापाशीं येण्यापूर्वीं दोन गल्ल्या आधीं ऐकूं येणारी जीप घरीं आणली, तेव्हां सहकाऱ्यांनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि एरवीं संन्यास घेणाऱ्या गृहस्थाच्या वांट्याला येते. "निवडणुकीला उभे राहतां कीं काय?" असेंही एकानें विचारलें. बीड जिल्ह्यांत जीप आणि निवडणूक यांचा ऋणानुबंध जुना असल्यामुळें त्या प्रश्नाचा आम्हांस राग आला नाहीं. खरें कारण मात्र आम्हीं कोणासच सांगितलें नाहीं. तें येथें सांगतों.

आमचें मूळ गांव पाटोदा तालुक्यांत, बालाघाटाच्या पठारावर. मांजरसुंब्याहून निघालेला डांबरी रस्ता गांवाला शिवून पुढें जातो. पण शेतावरची वस्ती तेथून अडीच किलोमीटर आंत, पाणंदीनें. ही पाणंद आठ महिने रस्ता असते व चार महिने ओढा असते. आरंभीं मुरूम, मध्यें एक खराखुरा ओढा आणि त्यापलीकडे दोन-अडीचशें पावलें काळी जमीन. ट्रॅक्टरांच्या चाकांनीं तेथें अशा चाकोऱ्या पाडल्या आहेत कीं, त्यांत उभ्या राहिलेल्या कुत्र्याचे नुसते कान दिसावे. २०२१ च्या भाद्रपदांत मराठवाड्यावर झालेली अतिवृष्टि वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या पावसांत आमच्या वडिलांना वस्तीवर छातींत कळ आली. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत आली व तेथेंच उभी राहिली. धाकट्या बंधूंनीं आणि शेजाऱ्यांनीं वडिलांना बाजेवर घालून खांद्यावरून आणलें. त्या अडीच किलोमीटरांस पावणेदोन तास लागले. लौकर पोंचतों तर काय झालें असतें हें डॉक्टरांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं.

त्यानंतर आम्ही मातोश्रींना बीडला घेऊन आलों. दोन वर्षें त्या आमच्या सदनिकेच्या खिडकींत बसून समोरच्या सदनिकेच्या खिडकीकडे पाहात राहिल्या. तिसऱ्या वर्षीं एके दिवशीं त्यांनीं शांतपणें सांगितलें, "मला शेतावर नेऊन घाल. मरण तिथं आलं तरी चालंल. पण तुझ्या बापाला बाजेवर न्हेलं तसं मला न्हेऊ नगंस."

ह्या वाक्याचे दोन भाग एकमेकांशीं जुळविण्याचा प्रश्न आम्हांपुढें पडला आणि त्याचें उत्तर चार चाकांवर असावें असें वाटूं लागलें. धन मात्र मर्यादित होतें. भविष्यनिर्वाह निधींतून मिळाले ते साडेतीन लाख; कन्येच्या शिक्षणासाठीं ठेवलेल्या रकमेस हात लावावयाचा नाहीं, ही कुटुंबाची अट.

पुण्यास अभियांत्रिकी शिकणारे आमचे चिरंजीव ह्या कामीं एकदम उत्साहित झाले. त्यांच्या मतें 'थार' हेंच एक वाहन. पण २०१० सालीं निघालेल्या पहिल्या 'थार'चे जुने नमुनेही आमच्या आवांक्याबाहेर होते. दुसरी 'जिप्सी'. मारुतीची ही गाडी १९८५ च्या अखेरीस बाजारांत आली. हलकी, चपळ आणि चिखलांत मोठी कामाची. पण तिचें उत्पादन आतां थांबलेलें, खाणें पेट्रोलचें आणि पाटोद्यासारख्या ठिकाणीं तिची दुरुस्ती जाणणारा कोण? बोलेरो गांवोगांव दिसते. परंतु आम्हीं पाहिल्या त्या सर्व मागच्या दोन चाकांनींच ओढणाऱ्या निघाल्या. शेवटीं आमची दृष्टि स्थिरावली ती महिंद्रच्या 'एमएम ५४०' वर.

हिची वंशावळ सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं जी जीप सहा लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली तिचे सुटे भाग आणून महिंद्र कंपनीनें १९४७ पासून ती इकडे जोडण्यास आरंभ केला. त्याच घराण्यांतली ही पुढची पिढी. इंजिन प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या विद्येवर बांधलेलें, दोन हजार एकशें बारा सीसीचें, डिझेलचें. वेगाच्या बाबतींत तिची कीर्ति नाहीं. पण तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडतां येते, आणि हा गुण आम्हांला वेगाहून मोठा वाटला.

पहिली जीप आम्हीं जवळजवळ घेतलीच होती. लाल रंग असा चकचकीत कीं त्यांत आमचा चष्मा दिसे. सुदैवानें बरोबर नेलेला मिस्त्री रंगाकडे न पाहतां थेट गाडीखालीं शिरला. बाहेर येऊन म्हणाला, "सर, इंजन नवं बसवता येतं, चासी नाही. हिला तीन ठिकाणी जोड आहे." मग त्यानें नोंदणीपुस्तकांतील क्रमांक चासीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावयास सांगितलें. शेवटचे दोन आंकडे दुसऱ्याच हातानें कोरलेले दिसत होते. विकणाऱ्या गृहस्थांनीं "इतकं कोण बघतं?" असा प्रश्न केला. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या; इतकें पाहणें हाच आमचा धंदा, हें त्यांस कसें ठाऊक असावें!

दुसरी सांपडली ती १९९४ सालची, एका बागाईतदाराच्या गोठ्याशेजारीं उभी. रंग उडालेला, टप फाटलेलें, बाकावर कोंबडी बसलेली. पण चासी अखंड होती, दोन्ही क्रमांक जुळत होते आणि नोंदणीचें पांच वर्षांचें नूतनीकरण नुकतेंच झालेलें होतें. मिस्त्रीनें चालत्या इंजिनाच्या तेलाचें झांकण काढून धूर पाहिला, पुढचीं चाकें हातानें हलवून पाहिलीं आणि शेवटीं दुसरा दांडा ओढून चारही चाकांचा जोर लागतो कीं नाहीं हें नांगरटींत नेऊन पाहिलें. सौदा दोन लाख दहा हजारांना ठरला. कोंबडी मालकानें ठेवून घेतली.

आतां उरलेल्या एक लाख चाळीस हजारांवरून घरांत जो वाद झाला त्यापुढें आमच्या कॉलेजांतील विभागीय बैठका म्हणजे कीर्तन होय. चिरंजीवांना जीप उंच करावयाची होती, रुंद टायर हवे होते, पुढें लोखंडी कठडा हवा होता. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला जीपा नटविण्याचा मोठा व्यवसाय चालतो. तेथल्या जीपांचीं चित्रें त्यांनीं आम्हांस दाखविलीं. चित्रें सुंदर होतीं. पण कठड्यावर केंद्र सरकारनें २०१७ सालींच बंदी घातलेली, आणि मूळ रचनेशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येणार नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलेलें. "बाबा, कोण विचारतं?" असें चिरंजीव म्हणाले, तेव्हां आम्हांस त्या लाल जीपवाल्याची आठवण झाली.

उंचीचा प्रश्न मिस्त्रीनें निराळ्या रीतीनें सोडविला. पाटे चढविल्यानें वरचा सांगाडा उंच होतो; मधला डिफरन्स, जो चाकोरींतल्या मातीला खरोखर घासतो, तो होता तेथेंच राहतो. म्हणजे पैसे खर्चून मनुष्य उंच बसतो, गाडी तितकीच अडते. ह्यावरही चिरंजीव गप्प झाले नसते, परंतु इतक्यांत मातोश्री काठी टेंकीत खालीं आल्या आणि आहे त्याच उंचीच्या जीपकडे पाहून म्हणाल्या, "आरं, ह्याच्यापरीस म्हैस बरी, ती बसती तरी खाली!" वाद तेथेंच संपला. डाव्या बाजूस एक पायरी आणि हाताला धरावयास एक कडी, एवढी भर पडली. संबंध कामांत सर्वांत स्वस्त वस्तु तीच.

बाकीचा पैसा न दिसणाऱ्या ठिकाणीं गेला. ब्रेक पुन्हां नव्यानें बांधले. सुकाणूचे खिळखिळे सांधे बदलले. पांच टायर मूळच्याच अरुंद मापाचे, पण खोल दात्यांचे घेतले. पुढच्या दोन आसनांना पट्टे लावले. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पट्टा काय कामाचा? तेथें ताशीं चाळीसचा वेग हाच पट्टा, असा नियम आम्हीं केला. नवें टप शिवून घेतलें आणि त्यानंतर रंगासाठीं पैसे उरले नाहींत.

२ सप्टेंबर २०२४ रोजीं पोळा होता. आदल्या दिवसापासून मराठवाड्यांत मुसळधार पाऊस चाललेला. कुटुंब म्हणालें, थांबूं या. मातोश्री गांठोडें बांधून पायरीवर उभ्या होत्या. ओढा उतरलेला पाहून आम्हीं दांडा ओढला. चारही चाकें, आणि वेग सुमारें अडीच पटींनीं घटवून तितकाच जोर वाढविणारी चाल! पाणी आंसापर्यंत आलें आणि जीप म्हशीसारखी सावकाश पलीकडे निघाली. चिरंजीवांनीं टाळ्या वाजविल्या. पुढच्या शंभर पावलांत ती काळ्या मातींत रुतली.

चाकांचे दाते मातीनें भरून गुळगुळीत झाले होते. चारही चाकें फिरत आणि गाडी हलत नसे. वाफसा नसलेल्या रानांत शेतकरी औत घालीत नाहीं, हें लहानपणीं शिकलेलें ज्ञान आम्ही चार चाकांच्या भरंवशावर विसरलों होतों. दुसऱ्या कोणत्याही दिवशीं बैल मागितले असते. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. मातोश्री खालीं उतरल्या. १९७२ च्या दुष्काळांत ह्याच भागांत त्यांनीं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली. साहेबाची जीप हजेरीला येई ती आपण दुरून पाहात असूं, असें त्या सांगतात. त्यांनीं काठीनें चाकाच्या दात्यांतली माती उकरावयास सुरुवात केली. "गाडीच्या चाकाला आसंच करायचे तुझे बाबा. टायरांतली हवा थोडी सोड म्हणावं त्याला. आन् बांधावर पऱ्हाट्या रचल्यात, त्या घाल खाली."

हवा सोडण्याची युक्ति चिरंजीवांना पुण्यांत ठाऊक झालेली होती. ती आज्जीला कोठून ठाऊक, असें त्यांनीं विचारलें. "टॅक्टरवाले करत्यात की," त्या म्हणाल्या. पऱ्हाट्या करकरल्या, चाकांनीं एकदां धरलें, सुटलें, पुन्हां धरलें. वस्तीवर पोंचून आम्हीं घड्याळ पाहिलें. डांबरी रस्त्यापासून पंचावन्न मिनिटें, आणि त्यांतलीं चाळीस चिखलांत गेलेलीं. तो आंकडा आम्हीं मोठ्यानें उच्चारला नाहीं. बंधूंनींही आपल्या मनगटाकडे पाहिलें तें आम्हांस दिसलें.

बैलांना पुरणपोळी दिल्यावर मातोश्रींनीं उरलेलें हळदकुंकू जीपच्या नाकाला लावलें. संध्याकाळीं आम्हीं किल्ली बंधूंच्या हातीं दिली. ते आधींच म्हणत होते कीं, त्या अडीचशें पावलांवर मुरूम टाकावयास किती लागेल तें एकदां विचारून ठेवूं. मग कुटुंब, कन्या, चिरंजीव आणि आम्ही असे चौघे वहाणा हातांत घेऊन पाणंदीनें चालत निघालों. मांजरसुंब्याहून बीडला जाणारी एस्. टी. सव्वाआठाला मिळाली. बसावयास जागा नव्हती.